जखम आणि भगंदर यांतले अंतर

रोहण्याहून आर्वी किंवा पुलगाव गाठणे अवघड नाही. सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालयेही याच वर्धा जिल्ह्यात आहेत. तरीही आमच्या भागातला भगंदराचा रुग्ण नीट तपासणीपर्यंत पोहोचतो तो बहुधा वर्ष-दोन वर्षे उलटल्यावर. आधी गुदाजवळ एक गळू येते, ठणकते, फुटते आणि बरे वाटते. काही आठवड्यांनी त्याच जागी कपडे ओले होऊ लागतात. रुग्ण त्याला मूळव्याध म्हणतो, घरचेही तेच म्हणतात, आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर रंगवलेली ‘बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात’ ही जाहिरातही त्याच नावाने हाक मारते. बाया तर हे घरातसुद्धा बोलत नाहीत. बसून निंदण, वाकून कापसाची वेचणी, बैलगाडीच्या फळीवरचा प्रवास, हे सगळे पू वाहत असताना चालू राहते. शेवटी कुठेतरी शस्त्रक्रिया होते, जखम भरते, आणि काही महिन्यांनी तोच माणूस परत दारात उभा असतो. “डाक्टरसाहेब, थे पुन्हा फुटलं जी.”

या ‘पुन्हा’मुळेच भगंदराच्या नव्या उपचारांची गरज आहे, आणि ते उपचार माणसावर वापरण्याआधी तपासायचे कुठे हा प्रश्नही त्यातूनच येतो. पुढची प्रकरणे या प्रश्नाविषयी आहेत. ज्याला वैद्यकात सरसकट ‘ॲनिमल मॉडेल’ म्हणतात, त्याला इथे प्राणी-प्रारूप म्हटले आहे. भगंदराचे प्रारूप प्राण्यात कसे घडवतात, ते कशासाठी उपयोगी पडते आणि कुठे फसवते, हे शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्याला, आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला आणि पशुवैद्यकालाही कळायला हवे. जिज्ञासू रुग्णालाही ते समजावे असे मला वाटते, कारण शेवटी सुई त्याच्याच अंगात जाते.

आधी आजाराविषयी थोडे. गुदमार्गाच्या आतल्या कडेला लहान ग्रंथी असतात. त्यांतली एखादी तुंबते, तिच्यात पू होतो आणि तो स्नायूंमधल्या फटीतून वाट काढत त्वचेकडे येतो. पू बाहेर पडला की गळू बसते, पण आतले तोंड उघडेच राहिले तर दोन तोंडांची नळी तयार होते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स यांनी ग्रंथींचे हे मूळ १९६१ मध्ये नीट मांडले आणि १९७६ मध्ये सहकाऱ्यांसह ४०० रुग्णांच्या आधारे भगंदराचे वर्गीकरण केले. ते आजही वापरात आहे. नळी गुदाच्या संकोचक स्नायूंच्या किती भागातून जाते, एवढेच त्यात मुख्यतः पाहिले जाते. नळी खालून जात असेल तर ती उघडून टाकली की बहुतेक वेळा रुग्ण बरा होतो. वरून जात असेल तर ती उघडताना स्नायू कापला जातो आणि वायू-मलावरचा ताबा जाऊ शकतो. भगंदर गेले आणि कपडे रोज खराब होऊ लागले, तर त्या माणसाने काय कमावले?

आजार दुर्मीळ नाही. हेलसिंकी शहरातल्या एका जुन्या अभ्यासात दर लाख लोकांमागे वर्षाला ८.६ नवे रुग्ण आढळले होते, आणि पुरुषांमधले प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक होते. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांच्या घरात आहे. तोच दर इथे लावला तरी दरवर्षी शंभरावर नवे रुग्ण होतात, आणि ‘पुन्हा फुटलेले’ त्यांत धरलेलेच नाहीत.

म्हणून गेल्या काही दशकांत शल्यचिकित्सक स्नायू न कापता नळी बुजवण्याच्या मागे लागले. फायब्रिनचा गोंद आला, डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनवलेली खुंटी आली, मग चरबीतून काढलेल्या मूळपेशी आल्या. हे सगळे थेट माणसावर करून पाहायचे की आधी प्राण्यावर?

शल्यक्रियेचा सराव माणसाआधी दुसऱ्या कशावर तरी करावा, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुधी भोपळा, काकडी अशा फळांवर करायचा, शीर वेधण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर. नाडीव्रणात, म्हणजे नळीसारख्या जखमेत, शलाका घालून वाट शोधण्याचा सराव मात्र किड्याने पोखरलेल्या लाकडावर, बांबूवर, वाळलेल्या भोपळ्याच्या तोंडावर करायला सांगितला आहे. भगंदर पाहणाऱ्या कोणालाही ही निवड किती अचूक आहे ते लगेच पटेल. पोखरलेल्या लाकडातली वाट वाकडी असते, मध्येच फाटे फुटतात, आणि जोर लावला तर सळई खोटी वाट पाडते. आजही ऑपरेशनच्या टेबलावर नवशिक्याच्या हातून नेमकी हीच चूक होते. पण लाकूड हाताला शिकवते, भरून येण्याबद्दल काहीच सांगत नाही. प्रत्येक प्रारूप एखाद्या प्रश्नाचे उत्तर देते आणि बाकीच्या प्रश्नांवर गप्प राहते. त्या गप्पपणालाच ‘हो’ समजून पुढे जाण्याची चूक या क्षेत्रात वारंवार झाली आहे.

अडचण अशी की उंदीर, ससा, डुक्कर यांना हा आजार सहसा आपणहून होत नाही. मग संशोधक तो करतो. भूल देऊन, सुरीने किंवा जाड सुईने, त्वचेपासून गुदमार्गापर्यंत भोक पाडतो. दिसायला ते भगंदर असते, पण निरोगी प्राण्याच्या अंगातली ती ताजी जखम असते, आणि ताजी जखम भरायला निघालेलीच असते. उंदरात तर त्वचा सैल असते, तिच्याखाली आक्रसणाऱ्या स्नायूचा थर असतो. जखमेच्या कडा आपोआप ओढल्या जाऊन जवळ येतात. अशा भोकात आज काहीही भरा, पंधरा दिवसांनी ते बंद झालेले दिसेल, आणि जे भरले त्याला श्रेय मिळेल.

म्हणून नळी टिकवावी लागते. आमच्याकडे लहान मुलीचे कान टोचले की भोकात कडुनिंबाची काडी किंवा दोरा ठेवतात. काडी लवकर काढली तर भोक बुजते. काही आठवडे राहू दिली तर आतून कातडी येते आणि भोक कायमचे होते. डुकरातले भगंदर याच तत्त्वावर घडवले जाते. पाडलेल्या वाटेत दोरा, म्हणजे सेटन, ओवून ठेवतात, आणि वाट दीर्घकाळ टिकणाऱ्या दाहाने, ग्रॅन्युलेशनने आणि कुठे कुठे आवरण-पेशींनी अस्तरली गेली की मगच तो काढतात. लंडनच्या नॉर्थविक पार्क आणि सेंट मार्क्स येथील गटाने, ब्यूकॅनन आणि सहकाऱ्यांनी, असे डुकरातले प्रारूप २००५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात एमआरआयवर नळी दाखवता आली आणि सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र माणसातल्या भगंदराच्या जवळ आले. डुक्करच का? त्याच्या संकोचक स्नायूंची रचना माणसाच्या बरीच जवळची आहे, त्याच्या गुदाजवळही स्नायूंमधल्या पातळीत ग्रंथी असतात, आणि आकार असा की माणसासाठीचीच शलाका, तोच दोरा, तेच एमआरआय यंत्र चालते. आमच्या गावातून मोकाट फिरणारी डुकरे यासाठी चालत नाहीत, हेही सांगून ठेवतो. त्यांचे वय, वंश, अंगातले जंत आणि आधीचे आजार यांतले काहीच माहीत नसते.

तरीही डुक्कर निरोगीच असते. दोरा ओवून नळी टिकवता येते, पण ती टिकून राहण्याची खरी कारणे त्यातून येत नाहीत. माणसातल्या, विशेषतः क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारातल्या, भगंदरावर झुरिकच्या संशोधकांनी केलेल्या कामातून असे दिसले की नळीच्या कडेच्या आवरण-पेशी आपला स्वभाव बदलतात आणि ऊतीत घुसू लागतात. टीएनएफ, टीजीएफ-बीटा, इंटरल्यूकिन-१३ ही संदेश-द्रव्ये त्या बदलाला हातभार लावतात. ही प्रक्रिया दोऱ्याने सुरू करता येत नाही. ती गाठण्यासाठी काही गटांनी उंदरांच्या मोठ्या आतड्यात आधी टीएनबीएस हे रसायन देऊन दाह निर्माण केला आणि मग नळी पाडली. हे एक पाऊल पुढे आहे. एसएएमपी१ या उंदरांच्या वाणात आतड्याचा दाह आपोआप होतो आणि काहींना गुदाजवळ भगंदरही होते; पण ते शंभरात जेमतेम पाच जणांना. आजार खरा, संख्या अपुरी. त्यावर चाचणी उभी करायची तर शेकडो उंदीर पोसावे लागतील.

मला सर्वांत आशा वाटते ती कुत्र्यांकडून. जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांना गुदाभोवती खोल, वाहणारी भगंदरे होतात. पूर्वी शेपटीची ठेवण आणि घाण साचणे हे कारण मानले जाई. पुढे आनुवंशिकता आणि रोगप्रतिकारशक्तीचा दोष यांकडे बोट गेले, आणि सायक्लोस्पोरीन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध गुणकारी ठरले. कुत्रा दुखण्याने विव्हळत असतो, मालक उपाय शोधत पशुवैद्यकाकडे येतो. इथे आजार कोणी केलेला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानवी भ्रूण-मूळपेशींपासून बनवलेल्या पेशी अशा सहा कुत्र्यांना दिल्या गेल्या. तीन महिन्यांनी सगळ्यांची भगंदरे बंद होती; सहा महिन्यांनी दोघांची परत फुटली. सहा ही संख्या लहान आहे, पण त्या परत फुटलेल्या दोघांमुळेच हा अभ्यास मला विश्वासाचा वाटतो. तिसऱ्या महिन्याला मोजणी थांबवली असती तर शंभर टक्के यश छापता आले असते.

माणसातही हेच होत आले आहे. डुकराच्या आतड्याची खुंटी २००६ मध्ये गाजली. एका छोट्या अभ्यासात १५ पैकी १३ नळ्या बंद झाल्या होत्या. पुढे ब्रिटनमध्ये ३०४ रुग्णांवर यादृच्छिक पद्धतीने चाचणी झाली, आणि वर्षाअखेर खुंटीच्या गटात ५४ टक्के तर शल्यचिकित्सकाला योग्य वाटेल त्या उपचाराच्या गटात ५५ टक्के बरे झालेले आढळले. (डुकरापासून बनलेली वस्तू डुकरातच तपासली, तर शरीराची प्रतिक्रिया माणसातल्यापेक्षा सौम्य असू शकते, हेही प्रारूप निवडताना लक्षात ठेवावे लागते.) मूळपेशींची गोष्ट तर त्याहून मोठी. क्रोन्सच्या गुंतागुंतीच्या भगंदरासाठी दार्वाडस्ट्रोसेल हे चरबीतल्या पेशींचे औषध २०१६ मधल्या २१२ रुग्णांच्या चाचणीत चमकले: २४ आठवड्यांनी ५० टक्के विरुद्ध ३४ टक्के. २०१८ मध्ये युरोपात त्याला मान्यता मिळाली. २०२३ मध्ये दुसरी, मोठी चाचणी अपयशी ठरली, आणि २०२४ च्या अखेरीस ते युरोपच्या बाजारातून मागे घेतले गेले. पहिल्या चाचणीतल्या त्या ३४ टक्क्यांकडे पुन्हा पाहा. औषध न मिळालेल्यांची नळी नीट खरवडली, आतले तोंड शिवले, काळजी घेतली, तर तेवढे बरे होतात. प्राण्यातही असा गट ठेवलेला नसेल, म्हणजे नळी पाडली, दोरा काढला, खरवडली आणि दुसरे काहीच दिले नाही असा, तर मी तो निबंध तिथेच मिटतो.

उलट्या वाटेने, म्हणजे थेट माणसातल्या पुराव्यावर, आलेल्या दोन उपचारांचाही विचार करायला हवा. क्रोन्सच्या भगंदरावर इन्फ्लिक्सिमॅब या औषधाचा पहिला भक्कम पुरावा १९९९ मध्ये ९४ रुग्णांच्या चाचणीतून आला. एका मात्रेच्या गटात ५५ टक्क्यांच्या सगळ्या नळ्या बंद झाल्या, औषध नसलेल्या गटात १३ टक्क्यांच्या. दुसरा उपचार आपल्या घरचा: क्षारसूत्र, म्हणजे नळीत ओवायचा औषधी लेपांचा दोरा. त्याचा उल्लेख सुश्रुतात आहे, चक्रदत्तात निवडुंगाचा चीक आणि हळद यांनी दोरा तयार करण्याची कृती आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत पुन्हा उभी केली आणि १९७३ मध्ये २०० रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. प्रमाणित दोऱ्यावर एकूण २१ लेप असतात: ११ निवडुंगाच्या चिकाचे, ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, ३ चीक आणि हळदीचे. आघाडा आमच्या बांधावर उगवतो, निवडुंग कुंपणावर, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली वायगावची हळद याच जिल्ह्यातली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांवर क्षारसूत्र आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली. १९९१ मध्ये निष्कर्ष आले. भरायला क्षारसूत्राने सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण परत होण्याचे प्रमाण ४ टक्के विरुद्ध ११ टक्के होते. रोहण्याच्या शेतकऱ्याला चार आठवडे जास्त आणि दर आठवड्याला दोरा बदलायला एसटीने फेरी, याच्या बदल्यात ‘पुन्हा’ कमी होत असेल, तर तो सौदा त्याला विचारून करण्याजोगा आहे.

मग क्षारसूत्राला प्राणी कशाला हवा? माझ्या मते ते गुणकारी आहे का, हे पाहायला नको; ते माणसात पाहिले गेले आहे. पण दोरा एकाच वेळी कापतो, पू वाहून नेतो आणि नळीचे अस्तर जाळतो. यातले कोणते काम किती महत्त्वाचे, चिकाऐवजी दुसरे काही वापरून वेदना कमी करता येतील का, कापलेल्या स्नायूची टोके मागे न सरकता तंतूंनी जागीच जोडली जातात का, हे पाहायला ऊतीचे तुकडे वेगवेगळ्या आठवड्यांना लागतात, आणि बऱ्या होत असलेल्या माणसाकडून ते मागता येत नाहीत. डुकरातल्या टिकवलेल्या नळीचा उपयोग इथे आहे. प्रश्न नेमका आहे, आणि प्रारूप त्याला पुरते.

वर्धा जिल्ह्यात राहून प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल लिहिताना गांधीजींना ओलांडून जाता येत नाही. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी डॉक्टरांवर जी टीका केली, तिच्यात जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीचा स्पष्ट निषेध आहे. पुढे ते सेवाग्रामला राहिले, आणि त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, तिथेच डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. हा ताण मी हलका करू इच्छित नाही. गुदाभोवतीची जखम अतिशय दुखते. ज्याने असा रुग्ण पाहिला आहे, त्याला डुकराच्या वेदनेची कल्पना करायला वेगळे शिक्षण लागत नाही. वेदनाशामक न देता केलेला असा प्रयोग क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगीही, कारण वेदनेने प्राणी खात नाही, खंगतो आणि त्याची जखम भरण्याची गतीच बदलते.

कायदा इथे एक पेच उभा करतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचे कलम १७ सांगते की प्रयोगशाळेतल्या लहान प्राण्यांवर तेच निष्कर्ष मिळत असतील तर मोठे प्राणी टाळावेत. १९९८ च्या नियमांनुसार संस्थेची नैतिक समिती लागते, आणि मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची परवानगी. या अटी मला योग्य वाटतात. पण ‘तेच निष्कर्ष’ या शब्दांवर सगळे अवलंबून आहे. भगंदरात उंदराकडून स्नायूचा प्रश्न सुटत नाही. परवानगी सोपी म्हणून वीस-तीस उंदरांवर जखमा पाडून त्यांना भगंदर म्हणणे, हे उंदरांचेही नुकसान आहे आणि रुग्णाचेही. थोड्या डुकरांवर नीट आखलेला, आधीच नोंदवलेला, आंधळ्या पद्धतीने मोजलेला एक प्रयोग त्याहून अधिक करुणेचा ठरतो.

आणि त्याहूनही आधी आजारी कुत्र्यांकडे वळावे असे मी म्हणेन. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपूरला आहे, वर्ध्याहून जवळ. जिल्ह्यात शल्यचिकित्सेची आणि शल्यतंत्राची शिकवणूक चालते. आजारी कुत्र्याच्या मालकाची संमती, पशुवैद्यकाचा उपचार आणि भगंदराच्या शल्यचिकित्सकाची मोजणी, एवढे जुळले तर एकाही निरोगी प्राण्याला न दुखवता बरेच शिकता येईल, आणि कुत्राही बरा होईल. यासाठी लागते ती पशुवैद्यकाला बरोबरीचा मानणारी वृत्ती, जी आमच्या डॉक्टरी पेशात अजून कमी आहे.

पुढची प्रकरणे वाचताना काही गोष्टी मनात राहू द्याव्यात. चार पायांवर उभ्या प्राण्यात त्या भागावर बसण्याचा भार येत नाही. वायू सुटतो की थांबतो हे प्राणी सांगू शकत नाही. स्नायूचा दाब मोजता येतो, पण रुग्णाला ज्याची लाज वाटते ते त्या आकड्यात येत नाही. आणि आमच्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचे: परत परत फुटणाऱ्या भगंदराचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला की कधी कधी क्षय निघतो. डुकराच्या किंवा उंदराच्या कोणत्याही नळीत तो नसतो. तेव्हा प्राण्यात सिद्ध झालेली खुंटी, गोंद, पेशी किंवा नवा दोरा इथल्या रुग्णात वापरण्याआधी ऊतीची क्षयासाठी तपासणी व्हावी, रक्तातली साखर पाहिली जावी, आणि नळी वरून जात असेल तर एमआरआय. उपचारानंतरही जखम भरली म्हणून कार्ड बंद करू नये. रुग्णाला किमान वर्षभर बोलावत राहावे, तो येत नसेल तर आशाताईंकडून निरोप जावा, आणि ज्यांचे पुन्हा फुटले त्यांची नोंद बऱ्या झालेल्यांच्या आधी लिहावी.

रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा